सी लायब्ररीचा कोड कव्हरेज रिपोर्ट कसा काढायचा: झेडलिब हाताशी घेऊन पहिल्यापासून

एखाद्या सी लायब्ररीवर तुम्ही नुकतंच काम सुरू केलंय. टेस्ट आहेत, सगळ्या पास होतात, आणि आता कुणीतरी विचारतं, “कव्हरेज किती आहे?” इंटरनेटवर शोधलं की चार ओळींच्या आज्ञा सापडतात. त्या चालवल्या की एक हिरवं-लाल पान तयार होतं आणि वर एक टक्केवारी दिसते. त्या टक्केवारीवर विश्वास ठेवावा की नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. या लेखात रिपोर्ट काढणं जितकं आहे तितकंच तो तपासणंही आहे.

टक्केवारी म्हणजे शेवटी एक अपूर्णांक. अंशात टेस्टमध्ये चाललेल्या ओळी, छेदात चालू शकणाऱ्या सगळ्या ओळी. नवखा माणूस अंश वाढवायच्या मागे लागतो, पण घोळ बहुतेक वेळा छेदात असतो. एखादी अख्खी फाइल छेदातून गळली की आकडा चांगला दिसायला लागतो, आणि कुठेही एरर येत नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर मी ‘छेदात काय काय आहे’ हे विचारत राहणार आहे.

उदाहरणाला झेडलिब घेतलीय, डेटा दाबून लहान करणारी आणि पुन्हा उलगडणारी सी लायब्ररी. ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांची ही लायब्ररी १९९५ पासून वापरात आहे. गिट आणि पीएनजी चित्रं वाचणारी लिबपीएनजी, दोघांनाही ती लागते. शिकायला ती उत्तम आहे, कारण मुख्य फोल्डरात सीच्या फक्त १५ फाइली आहेत, बाहेरची कुठलीही लायब्ररी लागत नाही, आणि कव्हरेजची सोय लेखकांनीच करून ठेवलीय.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. डॅश, ठिपके आणि बरोबरची चिन्हं जशी दिसतात तशीच.

हाताशी काय हवं

- लिनक्स असलेलं मशीन. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालेल. मॅकवर ‘जीसीसी’ टाइप केलं तरी चालतो तो ॲपलचा क्लँग, त्यामुळे तिथे काही आज्ञा वेगळ्या पडतील.
- जीसीसी हा सी कंपायलर आणि बिल्ड चालवणारं मेक. जीकव्ह हे मोजणीचं साधन जीसीसीबरोबरच येतं, वेगळं टाकावं लागत नाही.
- एलकव्ह, म्हणजे जीकव्हचे आकडे गोळा करून रिपोर्टसाठी एकत्र करणारं साधन. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एलकव्ह’. त्याच्याबरोबर जेनएचटीएमएल नावाची आज्ञाही येते.
- झेडलिबचा सोर्स, ताजा उतरवलेला.
- ‘एलकव्ह --व्हर्जन’ने कळलेला आवृत्तीचा आकडा. उबुंटू २२.०४ वर १.१५ मिळते, २४.०४ वर २.०. या दोन पिढ्या वेगळ्या वागतात, आणि इंटरनेटवरची बरीच उत्तरं जुन्या पिढीची आहेत.

१. आधी साधा बिल्ड करून बघा

कव्हरेजला हात लावण्याआधी ‘./कॉन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘मेक टेस्ट’. टेस्ट पास व्हायला हव्यात. इथेच काही अडलं तर ते कव्हरेजचं दुखणं नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्र सोडवायला गेलात तर संध्याकाळ जाईल. झालं की ‘मेक डिस्टक्लीन’ करून पाटी कोरी करा.

२. मोजणीसकट बिल्ड करा

झेडलिबच्या कॉन्फिगरला यासाठी ‘--कव्हर’ असा पर्याय आहे. आपण अशी आज्ञा देऊ:

‘सीफ्लॅग्ज="-ओ० -जी" ./कॉन्फिगर --स्टॅटिक --कव्हर’

आणि मग ‘मेक’.

यातल्या प्रत्येक तुकड्याला कारण आहे. सीफ्लॅग्ज सगळं मोठ्या अक्षरांत. ‘-ओ०’ म्हणजे मोठा ओ आणि शून्य: ऑप्टिमायझेशन बंद. ‘-जी’ने डीबगची माहिती राहते. सीफ्लॅग्ज दिलं नाही तर झेडलिब ‘-ओ३’ने कंपाइल होते. मग कंपायलर फंक्शनं एकमेकांत मिसळतो, ओळी एकत्र करतो, काही उडवून टाकतो. मोजणी तरीही होते, पण मोजलेलं सोर्सच्या ओळींशी नीट जुळत नाही. चाललेली ओळ न चाललेली दिसते किंवा उलट. ‘--स्टॅटिक’ दिलं की फक्त स्टॅटिक लायब्ररी तयार होते आणि एकाच सोर्सच्या दोन-दोन ऑब्जेक्ट फाइलींचा गोंधळ टळतो.

‘--कव्हर’ मुळे कंपायलरला दोन फ्लॅग जातात: ‘-एफप्रोफाइल-आर्क्स’ आणि ‘-एफटेस्ट-कव्हरेज’. तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही वेगळे लिहायची गरज नाही. जीसीसीला नुसतं ‘--कव्हरेज’ सांगितलं की कंपाइल करताना हे दोन फ्लॅग आणि लिंक करताना जीकव्हची रनटाइम लायब्ररी, दोन्ही मिळतात. लिंकच्या पायरीलाही तो फ्लॅग द्यायचा हे विसरू नका. नाहीतर ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणत जीकव्हची नावं असलेल्या एररची रांग लागते.

बिल्ड झाल्यावर फोल्डरात बघा. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीशेजारी ‘.जीसीएनओ’ने संपणारी एक फाइल आलेली दिसेल. हा नकाशा: या फाइलीत मोजण्याजोगी कुठली ओळ कुठे आहे, कुठून कुठे उडी जाऊ शकते. मोजणी अजून शून्य आहे. टेस्ट चालल्या की शेजारी ‘.जीसीडीए’ फाइली येतील, त्यांत आकडे असतील. ही जोडी मनात पक्की धरा: एनओ बिल्डच्या वेळी, डीए प्रोग्रॅम संपताना. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या जोडीची फारकत झाल्याने येतात.

३. टेस्टच्या आधीच पाया नोंदवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

‘एलकव्ह --कॅप्चर --इनिशियल --डिरेक्टरी . --आउटपुट-फाइल बेस.इन्फो’

अजून एकही टेस्ट चाललेली नाही, मग काय नोंदवायचं? छेद. ‘--इनिशियल’ दिलं की एलकव्ह फक्त एनओ फाइली वाचतं आणि मोजण्याजोग्या प्रत्येक ओळीपुढे शून्य लिहून ठेवतं.

स्टॅटिक लायब्ररीत हे का लागतं ते बघू. ‘लिबझेड.ए’ हा ऑब्जेक्ट फाइलींचा एक गठ्ठा आहे. टेस्टचा प्रोग्रॅम लिंक होताना लिंकर त्या गठ्ठ्यातून लागतील तेवढ्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो. झेडलिबच्या ‘मेक टेस्ट’मध्ये चालणारे दोन प्रोग्रॅम, एक्झाम्पल आणि मिनिजीझिप, ‘इन्फ्लेटबॅक’ या फंक्शनांच्या वाटेलाच जात नाहीत. त्यामुळे ‘इन्फबॅक.सी’ची ऑब्जेक्ट फाइल प्रोग्रॅममध्ये येतच नाही, तिची डीए फाइल बनत नाही, आणि डीए फाइली गोळा करून काढलेल्या रिपोर्टमध्ये ती फाइल दिसतच नाही. शून्य टक्के म्हणूनही नाही. ज्या फाइलीला एकही टेस्ट शिवलेली नाही, नेमकी तीच हिशोबातून बाहेर.

पाया आधी नोंदवलेला असला की असं होत नाही.

४. टेस्ट चालवा

‘मेक टेस्ट’. नेहमीसारखंच, फक्त थोडं हळू. संपल्यावर डीए फाइली तयार झाल्या का ते बघून घ्या.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. पहिली: आकडे साठत जातात. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर नवे आकडे जुन्यांत मिळवले जातात, पुसले जात नाहीत. वेगवेगळ्या टेस्टची एकत्र बेरीज हवी असेल तेव्हा हे उपयोगाचं आहे. कालच्या प्रयोगाचे आकडे आजच्या रिपोर्टमध्ये मिसळले तर घातक. नव्याने मोजायचं असेल तर आधी ‘एलकव्ह --झीरोकाउंटर्स --डिरेक्टरी .’ चालवा. त्याने डीए फाइली जातात, एनओ राहतात.

दुसरी: आकडे डिस्कवर लिहिले जातात ते प्रोग्रॅम व्यवस्थित संपतो तेव्हा. मेनमधून परत आला किंवा एक्झिट बोलावलं, तर ठीक. क्रॅश झाला, ‘किल -९’ खाल्लं, किंवा अंडरस्कोर लागलेलं एक्झिट वापरलं, तर त्या रनची सगळी मोजणी हवेत. पार्श्वभूमीला चालणारा सर्व्हर टेस्ट करताना हा फटका हमखास बसतो, कारण टेस्टची स्क्रिप्ट शेवटी त्याला मारूनच टाकते. अशा वेळी सर्व्हरला सभ्यपणे बंद करणारा सिग्नल द्या आणि त्याने तो पकडून नीट बाहेर पडावं असं बघा. तेही जमत नसेल तर ‘जीकव्ह_डंप’ हे फंक्शन आहे (नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर). ते हवं तिथे बोलावून आकडे लिहून घेता येतात. जुन्या आवृत्त्यांत हे काम ‘जीकव्ह_फ्लश’ही करायचं. जीसीसी ११ मध्ये ते काढून टाकलं, म्हणून जुन्या लेखांतला तो सल्ला आता लिंक होत नाही.

आता झेडलिबची खास टेस्ट. ‘टेस्ट’ फोल्डरात ‘इन्फकव्हर.सी’ नावाची फाइल आहे. इन्फ्लेटच्या बाजूचं, म्हणजे डेटा उलगडणाऱ्या कोडचं, पूर्ण कव्हरेज मिळावं एवढ्याचसाठी ती लिहिलेली आहे, आणि पहिल्या ओळींतच ती कशी चालवायची ते दिलंय: ‘मेक कव्हर’. पण थांबा. ‘मेक कव्हर’ची पहिली कृती आहे फोल्डरातल्या सगळ्या डीए फाइली पुसणं. त्या टेस्टपुरतं ते बरोबरच आहे, मात्र तुम्ही आत्ताच चालवलेल्या ‘मेक टेस्ट’चे आकडे त्यात जातील. बेरीज हवी असेल तर नुसतं ‘मेक इन्फकव्हर’ करून प्रोग्रॅम बनवा आणि ‘./इन्फकव्हर’ स्वतः चालवा.

माझं सांगणं: पहिल्या खेपेला इन्फकव्हर चालवूच नका. फक्त ‘मेक टेस्ट’वर पूर्ण रिपोर्ट काढा, लाल भाग बघा, आणि मग इन्फकव्हर चालवून पुढच्या पायऱ्या पुन्हा करा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की कव्हरेज कशासाठी असतं ते लगेच उमगतं.

५. आकडे गोळा करा आणि पायाशी जोडा

‘एलकव्ह --कॅप्चर --डिरेक्टरी . --आउटपुट-फाइल टेस्ट.इन्फो’

‘एलकव्ह --ॲड-ट्रेसफाइल बेस.इन्फो --ॲड-ट्रेसफाइल टेस्ट.इन्फो --आउटपुट-फाइल टोटल.इन्फो’

इन्फो फाइल साधी टेक्स्ट असते, एकदा उघडून वाचाच. ‘एसएफ’ने सुरू होणाऱ्या ओळीत सोर्स फाइलीचा मार्ग, ‘डीए’ने (इथे डीए फाइल नव्हे, नुसती ही दोन अक्षरं) सुरू होणाऱ्या ओळीत ओळ क्रमांक आणि ती किती वेळा चालली तो आकडा, ‘एलएफ’मध्ये मोजण्याजोग्या ओळी, ‘एलएच’मध्ये चाललेल्या. म्हणजे छेद आणि अंश तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलेले. पुढे कधी रिपोर्ट विचित्र दिसला तर इथे येऊन शोधायचं.

६. नको ते काढा, पण हात राखून

टोटलमध्ये टेस्टचा स्वतःचा कोडही आलेला असतो. टेस्टच्या ओळी साहजिकच जवळजवळ सगळ्या चालतात, त्यामुळे त्या ठेवल्या तर टक्केवारी उगाच फुगते.

‘एलकव्ह --रिमूव्ह टोटल.इन्फो "*/टेस्ट/*" --आउटपुट-फाइल फायनल.इन्फो’

तारांकित नमुना अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर शेल तो आधीच उलगडून टाकेल.

इंटरनेटवरच्या नमुन्यांत इथे ‘/यूएसआर/*’ही काढून टाकलेलं असतं. सी++ मध्ये ते लागतं, कारण सिस्टिमच्या हेडर फाइलींतला कोड मोजणीत येतो. झेडलिबसारख्या साध्या सी लायब्ररीत तसं काही आलेलं नसतं, आणि एलकव्ह २ मध्ये न जुळणारा नमुना ही एरर आहे: ‘पॅटर्न ... इज अनयूज्ड’ म्हणत आज्ञा थांबते. पुष्कळ जण लगेच ‘--इग्नोर-एरर्स अनयूज्ड’ जोडून पुढे जातात. तसं करू नका. तो नमुनाच काढून टाका. ही एरर उपकारक आहे. उद्या कुणी टेस्टच्या फोल्डरचं नाव बदललं आणि टेस्टचा कोड गुपचूप छेदात शिरला, तर तुम्हाला सांगणारी तीच.

आता तपासणी. ‘एलकव्ह --लिस्ट फायनल.इन्फो’ चालवा आणि फाइलींच्या ओळी मोजा. १५ हव्यात. पाया नोंदवला नसता तर इथे १४ दिसल्या असत्या आणि इन्फबॅक गायब असती. तुमच्या प्रोजेक्टमध्येही एवढं एक काम न चुकता करा: सोर्स फोल्डरातल्या फाइलींची यादी आणि ही यादी शेजारी ठेवायची. जुळल्याशिवाय टक्केवारी कुणालाही सांगायची नाही.

७. वाचण्याजोगं पान तयार करा

‘जेनएचटीएमएल फायनल.इन्फो --आउटपुट-डिरेक्टरी रिपोर्ट’

‘रिपोर्ट’ फोल्डरातली इंडेक्स फाइल ब्राउझरमध्ये उघडा. फाइलवार तक्ता दिसेल, ओळींचा एक रकाना आणि फंक्शनांचा एक. मूळ सेटिंगमध्ये ९० टक्के आणि वर हिरवा, ७५ ते ९० पिवळा, त्याखाली लाल. हे रंग जेनएचटीएमएलने ठरवलेले आहेत, तुमच्या लायब्ररीला ते लागू पडतातच असं नाही. हवे तर बदलता येतात.

८. लाल ओळी वाचा

आता खरं काम. आधी फंक्शनांचा रकाना बघा, ओळींचा नंतर. एकदाही न बोलावलेलं फंक्शन म्हणजे लायब्ररीने जगाला दिलेलं एक वचन, जे कुणी तपासलेलं नाही. नुसत्या ‘मेक टेस्ट’वर काढलेल्या रिपोर्टमध्ये इन्फबॅकची फंक्शनं अशी शून्यावर उभी असतील.

मग ‘इन्फ्लेट.सी’ उघडा. मुख्य वाट हिरवी दिसेल. लाल पट्टे बहुतांशी दोन जातींचे: डेटा बिघडलेला असताना जायच्या वाटा, आणि मेमरी मिळाली नाही तर जायच्या वाटा. कुठलीही लायब्ररी घ्या, पहिल्या रिपोर्टमध्ये चित्र साधारण हेच असतं. आपण टेस्ट लिहितो त्या सगळं सुरळीत असताना काय होतं याच्या. दुसऱ्याने पाठवलेली फुटकी फाइल वाचायची वेळ मात्र याच लाल ओळींवर येते.

इन्फकव्हरने यातून वाट कशी काढलीय ते शिकण्यासारखं आहे. बिघडलेल्या डेटासाठी त्यात अगदी छोटे हेक्स तुकडे आहेत. एक तुकडा तर फक्त ‘६’ एवढाच, आणि त्याने ‘इनव्हॅलिड ब्लॉक टाइप’ हा संदेश यावा अशी अपेक्षा. का? डिफ्लेटच्या, म्हणजे झेडलिब ज्या पद्धतीने डेटा दाबते तिच्या, रचनेत (१९९६ चं आरएफसी १९५१) प्रत्येक ब्लॉकचा पहिला बिट ‘हा शेवटचा ब्लॉक आहे का’ सांगतो आणि पुढचे दोन बिट ब्लॉकचा प्रकार. ६ म्हणजे बायनरीत ११०. उजवीकडून वाचा: पहिला बिट ०, म्हणजे शेवटचा नाही, पुढचे दोन ११, म्हणजे प्रकार ३. आणि प्रकार ३ अस्तित्वातच नाही. एका बाइटात ती लाल ओळ हिरवी झाली. टेस्ट तिथेच थांबत नाही, आलेला संदेश अपेक्षित संदेशाशी अक्षरन् अक्षर जुळतो का हेही बघते.

हा शेवटचा भाग फार मोलाचा आहे. कव्हरेज फक्त ओळ चालली एवढंच सांगतं. तिने बरोबर उत्तर दिलं का, हे कव्हरेजला कळत नाही. फंक्शन बोलावलं आणि परतावा बघितलाच नाही, तरी ओळ हिरवी होते. लाल ओळ हिरवी करायला टेस्ट लिहाल तेव्हा दरवेळी विचारा: या ओळीत उद्या चूक घुसली तर माझी टेस्ट फेल होईल का?

मेमरीच्या वाटांसाठी इन्फकव्हरची युक्ती अशी: झेडलिब वापरणाऱ्याला स्वतःची मेमरी देणारी फंक्शनं पुरवू देते. इन्फकव्हर आपली फंक्शनं देते, किती मेमरी दिली त्याची नोंद ठेवते आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सरळ नकार देते. मग इन्फ्लेटने ‘मेमरी एरर’ परत दिली का ते बघते. खऱ्या मशीनची मेमरी संपवायची गरजच नाही. तुमच्या लायब्ररीत मालॉक (सीचं मेमरी मागणारं फंक्शन) थेट बोलावलेलं असेल तर अशी टेस्ट लिहिणं अवघड जाईल. मेमरीची फंक्शनं बाहेरून घेण्याची सोय करणं हा चांगला बदल आहे, आणि तो सुचतो तो अशा लाल ओळींमुळेच.

काही ओळी मात्र खरोखरच कधी चालणार नाहीत अशा असतात. त्यांच्याशेजारी कॉमेंटमध्ये ‘एलकव्ह_एक्सक्ल_लाइन’ लिहिलं की ती ओळ छेदातून निघते. सलग तुकड्यासाठी ‘_लाइन’च्या जागी ‘_स्टार्ट’ आणि ‘_स्टॉप’ असलेली जोडी. सगळी मोठ्या अक्षरांत. या खुणा वापरा, पण प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर खूण लावू नका.

९. शाखाही मोजा

ओळींची मोजणी एका जागी फसवते. ‘इन्फ्लेट.सी’मध्ये बऱ्याच फंक्शनांच्या सुरुवातीला अशी ओळ आहे: ‘इन्फ्लेटस्टेटचेक’ने स्थिती तपासायची, आणि गडबड असेल तर तिथूनच ‘स्ट्रीम एरर’ घेऊन परतायचं. इफ आणि रिटर्न एकाच ओळीवर. तपासणी झाली की ओळ हिरवी, मग परत फिरायची वेळ एकदाही आलेली नसो. त्या ओळीतल्या दोन फाट्यांपैकी एकच चाललाय, हे फक्त शाखांची मोजणी सांगते.

ती मूळ सेटिंगमध्ये बंद असते. एलकव्ह २ मध्ये ‘--ब्रँच-कव्हरेज’, जुन्या पिढीत ‘--आरसी एलकव्ह_ब्रँच_कव्हरेज=१’. पर्याय प्रत्येक आज्ञेला द्यायचा आहे: पाया, कॅप्चर, जोडणी, रिमूव्ह, आणि जेनएचटीएमएल. एका ठिकाणी राहिला तर पुढे शाखांचे आकडे गळतात.

झेडलिबमध्ये शाखांचं पान जड वाटेल. ‘नीडबिट्स’सारखे मॅक्रो एका ओळीत लूप आणि इफ दोन्ही घेऊन येतात, त्यामुळे साध्या दिसणाऱ्या ओळीपुढे चार-चार खुणा. सी++ मध्ये याहून वाईट: एक्सेप्शन फेकला जाऊ शकतो अशा प्रत्येक कॉलला कंपायलर न दिसणारी शाखा जोडतो. तिथे जीकव्हीआर हे साधन आणि त्याचा ‘--एक्सक्लूड-थ्रो-ब्रँचेस’ पर्याय बघा. नवख्याने आधी ओळी आणि फंक्शनं नीट लावावीत, शाखा त्यानंतर. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीसारखे प्रकल्प शाखांच्याही पुढे जाऊन, अटीतला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निकाल बदलतो का, इथपर्यंत १०० टक्के मोजतात. त्यामागे टेस्टवर घालवलेली वर्षं आहेत.

१०. अडलं तर इथे बघा

‘स्टॅम्प मिसमॅच’: कोड पुन्हा कंपाइल झाला, एनओ नवी झाली, डीए जुनीच राहिली. काउंटर शून्य करा, टेस्ट पुन्हा चालवा.

‘व्हर्जन’ म्हणत दोन आकडे दाखवून ‘प्रीफर’ असं काही आलं: कंपाइल एका जीसीसीने झालंय, वाचायला दुसऱ्या आवृत्तीचा जीकव्ह बसलाय. मशीनवर दोन जीसीसी असले की हे होतं. ‘--जीकव्ह-टूल’ने जुळणारा जीकव्ह सांगा.

क्लँगने बिल्ड केलं असेल तर ‘एलएलव्हीएम-कव्ह जीकव्ह’ लागतो. जुन्या पिढीच्या एलकव्हला एकाच प्रोग्रॅमचं नाव हवं असतं, म्हणून दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट करून तिचं नाव द्यायचं.

डीए फाइल कुठेच दिसत नाही: ती कंपाइलच्या वेळच्या पूर्ण मार्गावर लिहिली जाते. बिल्ड एका कंटेनरमध्ये, टेस्ट दुसऱ्यात असं असेल तर ‘जीकव्ह_प्रीफिक्स’ आणि ‘जीकव्ह_प्रीफिक्स_स्ट्रिप’ या (मोठ्या अक्षरांतल्या) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनी जागा बदलता येते.

थ्रेड वापरणाऱ्या कोडमध्ये आकडे दरवेळी वेगळे किंवा ऋण येतात: ‘-एफप्रोफाइल-अपडेट=अटॉमिक’ जोडून बिल्ड करा.

११. तुमच्या प्रोजेक्टला लावताना

सीमेक, मेसॉन आणि ऑटोटूल्स ही बिल्डची वेगवेगळी साधनं. सीमेक असेल तर वेगळा बिल्ड फोल्डर करा, बिल्ड टाइप डीबग आणि सी फ्लॅग्जमध्ये ‘--कव्हरेज’. एनओ आणि डीए फाइली ‘सीमेकफाइल्स’च्या आत खोलवर पडतात, म्हणून ‘--डिरेक्टरी’ला बिल्ड फोल्डर द्या, सोर्सचा नको. मेसॉनमध्ये ‘-डीबी_कव्हरेज=ट्रू’ (डी मोठा, बी लहान), मग टेस्ट, मग ‘निंजा कव्हरेज-एचटीएमएल’. ऑटोटूल्सच्या अनेक लायब्ररींत ‘--एनेबल-कोड-कव्हरेज’ आधीच असतं, ‘./कॉन्फिगर --हेल्प’मध्ये शोधा.

सी++ चे टेम्प्लेट जपून. कुणी वापरलेलाच नाही असा टेम्प्लेट कंपाइल होत नाही, त्यामुळे तो एनओमध्येही नसतो. इथे ‘--इनिशियल’ही तुम्हाला वाचवत नाही. हेडरमध्येच सगळा कोड असलेल्या लायब्ररीचा छेद म्हणूनच हाताने तपासावा लागतो.

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत, टाकताना दोन वेगळी कामं ठेवा: एक कव्हरेजचं, ‘-ओ०’वर, आणि एक नेहमीच्या फ्लॅगनी, ज्या रूपात लायब्ररी लोकांच्या हाती जाते तसं. कव्हरेज बिल्डमध्ये पास झालेली टेस्ट ‘-ओ३’वर फेल होऊ शकते, आणि लोक वापरणार ते दुसरं. किमान टक्केवारीची अट लावायची तर एलकव्ह २ मध्ये ‘--फेल-अंडर-लाइन्स’ आहे. सुरुवातीला आज जितकं कव्हरेज आहे त्याच्या जरा खालीच अट ठेवा. एकदम ९० लावलं की लोक परतावा न बघणाऱ्या टेस्ट लिहून आकडा भरून काढतात, आणि रिपोर्टचा उपयोग तिथेच संपतो.

एनओ, डीए, इन्फो आणि रिपोर्ट फोल्डर ‘.गिटइग्नोर’मध्ये घाला. आणि रिपोर्ट दुसऱ्याला पाठवताना टक्केवारीबरोबर एवढं जरूर लिहा: कुठल्या कमिटचा, कुठल्या जीसीसीने, कुठल्या टेस्ट चालवून, कुठल्या फाइली वगळून, आणि यादीत एकूण किती फाइली.